घटक ६ : अनुभवलेखन – प्राणी-निवाऱ्यातील स्वयंसेवेवरील एका लेखाचा अभ्यास

घटकरचना

६.१ उद्दिष्टे
६.२ प्रास्ताविक
६.३ विषयविवेचन
६.३.१ पहिला खर्डा
६.३.२ भाषेत आधीपासून असलेला कुत्रा
६.३.३ दुसरा खर्डा
६.३.४ लिंग आणि नाते
६.३.५ कर्ता आणि जबाबदारी
६.३.६ दुसऱ्याचा आवाज
६.३.७ माहितीची बाजू
६.४ सारांश
६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे
६.६ स्वाध्याय व उपक्रम

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणास –

• अनुभवलेखन आणि ठरीव निबंध यांतील फरक स्पष्ट करता येईल.
• शब्दनिवड, लिंग आणि वाक्यरचना यांतून लेखकाची भूमिका कशी व्यक्त होते हे सांगता येईल.
• स्वतःच्या अनुभवाचा खर्डा तपासून त्याचे पुनर्लेखन करता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अहवाललेखनाचा विचार केला. अहवालात काय घडले याला महत्त्व असते. ते कोणाला कसे जाणवले याला नसते. अनुभवलेखनात या दोन्ही गोष्टी एकत्र येतात. घडलेले आणि जाणवलेले यांची सांगड घालणे हे अनुभवलेखनाचे मुख्य काम होय.

मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी बहुधा नोकरी, शेती वा घर सांभाळून शिकत असतात. त्यांच्याजवळ अनुभवांची वाण नसते. अडचण निराळीच असते. लिहावयास बसले की अनुभव बाजूला राहतो आणि शाळेत पाठ झालेली निबंधाची भाषा कागदावर उतरू लागते. वाचकाला त्यात सद्भावना दिसते, परंतु लिहिणारी व्यक्ती दिसत नाही.

हे कसे घडते आणि त्यावर उपाय काय, हे पाहण्यासाठी या घटकात एकाच लेखाचे दोन खर्डे अभ्यासासाठी घेतले आहेत. लेखिका कोल्हापुरात एका कापडदुकानात हिशेबाचे काम करणारी विद्यार्थिनी आहे. दुकानाच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ती शहराबाहेरील एका प्राणी-निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून जात असे. जखमी व आजारी कुत्र्यांवर तेथे उपचार होतात. दोन्ही खर्डे प्रामाणिक हेतूनेच लिहिलेले आहेत. तरीही पहिल्या खर्ड्यात एक महत्त्वाची गोष्ट लपली आहे. ती लपवली कोणी, लेखिकेने की भाषेने, हा या घटकातील मध्यवर्ती प्रश्न आहे.

६.३ विषयविवेचन

६.३.१ पहिला खर्डा

> मुक्या जिवांची सेवा हीच खरी ईश्वरसेवा होय. मला लहानपणापासूनच प्राण्यांची आवड आहे. म्हणून मी एका निवारा केंद्रात सेवा करण्याचे ठरविले. तेथील निष्पाप कुत्र्यांच्या डोळ्यांत मला अपार करुणा दिसली. त्यांतील एक जखमी कुत्री माझी विशेष लाडकी झाली. एकदा दार उघडे राहिल्याने तिला थोडी इजा झाली. परंतु सर्वांच्या प्रयत्नांनी ती बरी झाली. तिला परत सोडताना माझे डोळे पाणावले. तिनेही कृतज्ञतेने एकवार मागे वळून पाहिले. या अनुभवाने मला माणुसकीचा खरा अर्थ शिकवला.

या खर्ड्यात व्याकरणाची चूक नाही. वाक्ये नेटकी आहेत. तरीही हा परिच्छेद निवाऱ्यात कधीच न गेलेल्या व्यक्तीलाही लिहिता आला असता. याची कारणे पाहू.

(१) ‘निष्पाप’, ‘मुके’, ‘अपार’ ही विशेषणे पाहण्यातून आलेली नाहीत. ती विषयाबरोबर आपोआप आलेली आहेत. ज्या ठिकाणी शिरण्याआधीच भुंकण्याचा गलका ऐकू येतो, तेथील जिवांना ‘मुके’ म्हणणे किती विसंगत आहे, हे लेखिकेच्या ध्यानी आले नाही. कारण तो शब्द तिने निवडलेलाच नव्हता.

(२) स्थळ, काळ व काम यांचा उल्लेख नाही. ‘सेवा’ म्हणजे नेमके काय केले? भांडी घासली, जखमा धुतल्या की केवळ कुरवाळले?

(३) ‘दार उघडे राहिल्याने’ या शब्दांत दाराचा उल्लेख आहे, परंतु ते उघडे ठेवणाऱ्या व्यक्तीचा नाही.

(४) कुत्रीच्या मनातील कृतज्ञता लेखिकेने स्वतःच ठरवून टाकली आहे.

(५) लेखिकेशी असहमत असणारे एकही माणूस येथे नाही.

स्वयं-अध्ययन प्रश्न १
‘या अनुभवाने मला माणुसकीचा खरा अर्थ शिकवला’ या वाक्यातून वाचकाला कोणती माहिती मिळत नाही?

६.३.२ भाषेत आधीपासून असलेला कुत्रा

आपण कुत्र्याविषयी लिहू लागतो तेव्हा पाटी कोरी नसते. भाषेने आपल्याआधीच त्याच्याविषयी पुष्कळ बोलून ठेवलेले असते. ‘कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच’, ‘कुत्र्याच्या मौतीने मरणे’, ‘कुत्रा हाल खाणार नाही अशी अवस्था होणे’ अशा म्हणी आणि वाक्प्रचार आपल्या नित्य ओळखीचे आहेत. त्यांत कुत्रा म्हणजे हीनतेचे अखेरचे माप होय.

परंपरेची दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिराबरोबर चालत राहतो तो कुत्रा. श्रीदत्ताच्या चित्रात पायांशी चार कुत्रे असतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. या कथांकडे बारकाईने पाहिल्यास एक गोष्ट जाणवते. युधिष्ठिराचा कुत्रा शेवटी धर्म ठरतो. नामदेवांचा कुत्रा विठ्ठल ठरतो. म्हणजे गौरव होतो तेव्हाही कुत्रा शेवटी कुत्रा उरत नाही.

आपल्या विद्यार्थिनीचा पहिला खर्डा या दुसऱ्या वाटेने गेला. निवाऱ्यातील कुत्रे मात्र शेवटपर्यंत कुत्रेच राहते. त्याच्या अंगावर गोचीड असतात, त्याला लूत लागलेली असते, ते भीतीने चावू शकते. तिरस्कार आणि दैवतीकरण या दोन्ही तयार वाटा टाळून समोरच्या प्राण्याकडे पाहणे हे लेखकाचे पहिले श्रम होत.

विशेषणांचीही गोष्ट अशीच आहे. रस्त्यावरील कुत्र्यासाठी मराठीत ‘भटके’, ‘मोकाट’ आणि ‘बेवारस’ हे तीन शब्द सर्रास वापरले जातात; पण ते समानार्थी नाहीत. ‘मोकाट’ या शब्दात आवरावयास हवे होते ते आवरले गेले नाही अशी तक्रार आहे. ‘बेवारस’ शब्दात मालकीचा अभाव आहे. ‘भटके’ शब्दात ठिकाण नसणे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षात रस्त्यावरील बहुतेक कुत्री आपापली हद्द धरून असतात. एका बोळातील कुत्रे दुसऱ्या बोळात शिरले तर तेथील कुत्री त्याच्यावर धावून जातात. अशा कुत्र्यास ‘भटके’ म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. ‘गल्लीतले कुत्रे’ हा साधा बोलीतला शब्द येथे अधिक अचूक ठरतो.

६.३.३ दुसरा खर्डा

पहिल्या खर्ड्यावर चर्चा झाल्यानंतर विद्यार्थिनीस एवढेच सुचविले गेले : ‘विशेषणे काढून टाका आणि तुम्ही हातांनी काय केले ते लिहा.’ तिने तीन आठवड्यांनी आणलेला खर्डा पुढे दिला आहे. तो आधी सलग वाचावा.

> निवारा शहराबाहेर, उसाच्या फडाला लागून आहे. रिक्षातून उतरले की पाटी दिसण्याआधी भुंकणे ऐकू येते.
>
> पहिल्या दिवशी मला एकाही कुत्र्याला हात लावू दिला नाही. डॉक्टरमॅडमनी विचारले, “रेबीजची लस घेतलीय?” मी म्हणाले, “मला कुठं चावलंय?” त्या म्हणाल्या, “इथं काम करणाऱ्यांनी चावण्याआधीच घ्यायची असते. आधी डोस पूर्ण करा, मग पिंजऱ्यात जा. तोवर भांडी आहेत.”
>
> पहिले चार आठवडे मी भांडीच घासली. ॲल्युमिनियमच्या थाळ्यांना भात चिकटून वाळला की तो नखाने खरवडावा लागतो. हाताचा वास दुसऱ्या दिवशी दुकानात हिशेब लिहितानाही येत असे.
>
> पाचव्या आठवड्यात मला सतरा नंबरच्या पिंजऱ्याचे काम मिळाले. नोंदवहीत लिहिले होते : ‘मादी, तांबडी, अंदाजे २ वर्षे, गंगावेस, मागील डावा पाय, वाहनाची धडक.’ पिंजऱ्याच्या कोपऱ्यात भिंतीला नाक लावून एक कुत्रे बसले होते. मी आत पाऊल टाकताच ते गुरगुरले. तेथील जुन्या कामगारांना सगळे मामा म्हणतात. मामा म्हणाले, “डोळ्यात बघू नगा. पाठ करून बसा.” मी पाठ करून बसले. थाळी ठेवून मी बाहेर गेल्यावरच ते कुत्रे खाई.
>
> तिसऱ्या खेपेस मी तशीच बसले असताना मागे थाळी फरशीवर सरकल्याचा आवाज आला. मी वळले नाही.
>
> मामा तिला ‘तांबडे’ अशी हाक मारीत. मीही तशीच मारू लागले. तांबडी आता दार वाजले की उठून उभी राही, तीन पायांवर.
>
> एका आठवड्यात मला पाचची एसटी गाठायची होती. मी थाळ्या उचलल्या, दार ओढले आणि कडी घातली नाही. ‘विसरले’ असे लिहिणार होते. पण मला चांगले आठवते. दोन्ही हातांत थाळ्या होत्या आणि थाळ्या ठेवून परत येऊन कडी घालू असे मी मनात म्हटले होते. मी परत आले नाही.
>
> पुढच्या खेपेस गेले तेव्हा तांबडीच्या पायाला नवे टाके होते. ती बाहेर पडली होती आणि अंगणातली दोन कुत्री तिच्यावर धावून गेली होती. मामांनी मध्ये पडून सोडवले. त्यांच्या मनगटाला दात लागला. मामांनी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे हात धुतला आणि लस आधी घेतलेली असूनही पुन्हा दोन इंजेक्शने घेतली, असे डॉक्टरमॅडमनी सांगितले. मी मामांसमोर जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, “कडी मी घातली नव्हती.” ते म्हणाले, “म्हाईत हाय. कडी दोनदा बघायची.” एवढेच.
>
> पाय बरा झाला. तांबडीचे निर्बीजीकरण झाले, लस टोचली, कानाला ओळखीची खाच पाडली. आता तिला होती तिथे सोडायचे होते. मी विचारले, “मामा, हिला इथंच ठेवली तर?” मामांनी पिंजऱ्यांच्या रांगेकडे हात केला. “जागा किती हाय बघा की. ही हितंच ऱ्हायली तर पुढची कुठं ठिवायची?”
>
> गंगावेशीत दूधकट्ट्याच्या मागच्या बाजूला गाडी थांबली. दार उघडायच्या आत एक बाई मुलाला कडेवर घेऊन पुढे आल्या. “न्हेली ती परत कशाला आणली? माझ्या पोराला चावलं गेल्या म्हैन्यात. कुठलं चावलं म्हाईत न्हाई. इंजेक्शनापायी चार दिस रोजगार बुडला माझा.” मी त्यांना कानाची खाच दाखवली. लस दिली आहे, आता पिल्ले होणार नाहीत, हेही सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, “ताई, तुमी गाडीत बसून जाशीला. आमाला हितंच ऱ्हायाचं हाय.”
>
> मला उत्तर सुचले नाही.
>
> तांबडी गाडीतून उतरली, जमीन हुंगली, एका हातगाडीखाली शिरली आणि गटाराच्या कडेने पुढच्या बोळात गेली. ती वळली नाही. मी गाडीत बसले.
>
> पुढच्या आठवड्यात सतरा नंबरच्या पिंजऱ्यात एक काळे-पांढरे कुत्रे होते. मी थाळी ठेवली, पाठ करून बसले आणि निघताना कडी दोनदा बघितली.

६.३.४ लिंग आणि नाते

मराठीत तीन लिंगे आहेत. प्राण्यांविषयी लिहिताना त्यांतील नपुंसकलिंगाचा उपयोग विशेष प्रकारे होतो. कुत्रा, कुत्री, कुत्रे या तीन रूपांपैकी शेवटचे रूप नर-मादी भेद न करता केवळ जातीचा निर्देश करते. ओळख नसलेल्या प्राण्यासाठी ते स्वाभाविक आहे.

दुसऱ्या खर्ड्यात लेखिकेने नोंदवहीतील ‘मादी’ हा शब्द वाचलेला आहे. तरी पुढच्याच वाक्यात ती ‘एक कुत्रे बसले होते’, ‘ते गुरगुरले’ असे लिहिते. मामांची हाक तिच्या तोंडी आल्यानंतर मात्र ‘तांबडी’ आणि ‘ती’ असा बदल होतो. ‘माझी लाडकी झाली’ असे सांगण्याची गरज उरत नाही. सर्वनामाने ते काम केले आहे. अखेरच्या परिच्छेदात पिंजऱ्यातील नवा प्राणी पुन्हा ‘कुत्रे’ आहे. नाते पुन्हा पहिल्यापासून जुळवावयाचे आहे, हे त्या एका प्रत्ययातून वाचकास उमगते. हा बदल लेखिकेने ठरवून केला असे नाही. बोलताना आपण सर्वच जण असा बदल करतो. लिहिताना तो पुसून टाकू नये, इतकेच.

या संदर्भात एक व्यावहारिक अडचणही ध्यानात ठेवावी. पुढील दोन वाक्ये पाहा :

(अ) कुत्री भुंकली.
(आ) कुत्रे आले.

पहिल्या वाक्यात एक मादी भुंकली की अनेक कुत्री भुंकली, हे ठरवता येत नाही. कारण स्त्रीलिंगी एकवचन आणि नपुंसकलिंगी अनेकवचन यांची नामरूपे व भूतकाळी क्रियारूपे येथे सारखीच आहेत. दुसऱ्या वाक्यात नपुंसकलिंगी एकवचन आणि पुल्लिंगी अनेकवचन यांचा तसाच गोंधळ होतो. बोलण्यात ‘कुत्रं आलं’ या उच्चाराने दुसरा गोंधळ मिटतो. प्रमाण लेखनात तो शिल्लक राहतो. म्हणून संख्याविशेषण किंवा संदर्भ यांचा आधार द्यावा लागतो. ‘दोन कुत्री तिच्यावर धावून गेली’ यातील ‘दोन’ हा शब्द तेच काम करतो.

स्वयं-अध्ययन प्रश्न २
‘कुत्री भुंकली’ या वाक्यातील संदिग्धता वर्तमानकाळात (‘कुत्री भुंकते’, ‘कुत्री भुंकतात’) का राहत नाही?

६.३.५ कर्ता आणि जबाबदारी

एकाच घटनेची पुढील चार रूपे क्रमाने वाचा :

(अ) दार उघडे राहिले.
(आ) कडी घालायची राहून गेली.
(इ) माझ्याकडून कडी घालायची राहिली.
(ई) मी कडी घातली नाही.

चारही वाक्ये व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहेत आणि चारही खरी आहेत. पहिल्यात माणूसच नाही. दुसऱ्यात कडी घालणे हे कोणाचे तरी काम होते एवढे सूचित होते. तिसऱ्यात ‘मी’ आला आहे. पण ‘माझ्याकडून’ या रूपात, जणू घटना त्याच्या हातून निसटली. चौथ्यात तो समोर उभा आहे.

अलीकडे लेखनविषयक मार्गदर्शनात ‘कर्मणी प्रयोग टाळा, म्हणजे लेखन थेट होईल’ असा सल्ला आढळतो. तो इंग्रजीच्या व्याकरणावरून आलेला आहे आणि मराठीस जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘मी कडी घातली नाही’ या वाक्यातील क्रियापद ‘कडी’ या कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते; पारंपरिक व्याकरणानुसार हा कर्मणी प्रयोगच होय. तरीही जबाबदारी येथे निःसंदिग्ध आहे. उलट ‘दार उघडे राहिले’ हा कर्तरी प्रयोग आहे आणि जबाबदारी लपते ती त्याच्यातच. म्हणजे प्रश्न प्रयोगाचा नाही. ज्याने कृती केली, त्याला वाक्यात जागा मिळाली की नाही, हा आहे.

‘राहणे’, ‘होणे’, ‘पडणे’, ‘तुटणे’ ही क्रियापदे वाईट नव्हेत. कप खरोखरच हातातून निसटतो. परंतु स्वतःच्या चुकीविषयी लिहिताना ती लेखणीतून सहज उतरू लागली तर थांबावे आणि स्वतःस विचारावे : हे झाले, की मी केले? पहिल्या खर्ड्यात लेखिका खोटे बोललेली नव्हती. भाषेने एक सोयीचे वाक्य पुढे केले आणि तिने ते स्वीकारले. दुसऱ्या खर्ड्यात ती त्याहूनही पुढे जाते. ‘विसरले’ हे क्रियापदही ती तपासते आणि नाकारते, कारण ती विसरली नव्हती. मामांच्या मनगटाचा उल्लेख पहिल्या खर्ड्यात नव्हता, हेही येथे ध्यानात घ्यावे. जबाबदार व्यक्ती वाक्यातून गेली की तिच्या कृतीचा परिणाम ज्यांनी सोसला, तीही माणसे त्याबरोबर जातात.

स्वयं-अध्ययन प्रश्न ३
‘फाईल गहाळ झाली’ या वाक्याचे वरील (अ) ते (ई) या क्रमाशी जुळणारे आणखी एक रूप लिहा, ज्यात कृती करणारी व्यक्ती स्पष्ट असेल.

६.३.६ दुसऱ्याचा आवाज

पहिल्या खर्ड्यात गंगावेशीतील बाई नव्हत्या. विचारले असता लेखिकेने सांगितले, ‘त्यांचे म्हणणे लिहिले तर आम्ही केलेले काम चुकीचे वाटेल.’ ही भीती समजण्यासारखी आहे. पण अनुभवलेखन म्हणजे संस्थेचे पत्रक नव्हे. आपल्या भूमिकेला अडवणारे जे खरोखर घडले, ते गाळल्यास भूमिकाही दुबळी होते.

हा आवाज लेखात कसा आला आहे ते पाहा. पहिली गोष्ट म्हणजे तो त्या बाईंच्याच बोलीत आहे. ‘जाशीला’, ‘हितंच’, ‘ऱ्हायाचं’ ही रूपे प्रमाण भाषेत बदलली असती तर वाक्याचा अर्थ राहिला असता, वजन गेले असते. परंतु बोली ही केवळ चव आणण्यासाठी वापरू नये. येथे तिला कारण आहे. बाई ‘हितंच’ म्हणतात त्यात त्यांचे सारे म्हणणे सामावले आहे : आम्ही या जागेचे आहोत, तुम्ही नाही. दुसरी गोष्ट, त्यांच्या बोलण्यात रागाबरोबर हिशेबही आहे, चार दिवसांच्या बुडालेल्या रोजगाराचा. लेखिकेने त्यांना ‘अडाणी’ किंवा ‘निर्दय’ ठरवलेले नाही. त्यांचे नाव वा घरही ओळखू येऊ दिलेले नाही. आणि तिसरी गोष्ट, लेखिकेने नंतर सुचलेले उत्तर त्या प्रसंगात घुसडलेले नाही. ‘मला उत्तर सुचले नाही’ असे लिहून ती थांबते.

या बाईंमुळेच एक नवे नाते वाचकाच्या ध्यानी येते. मामा म्हणतात ‘ही हितंच ऱ्हायली तर’, बाई म्हणतात ‘आमाला हितंच ऱ्हायाचं हाय’. एकच शब्द, दोन जागा आणि दोन्हीकडे जागेचीच चणचण. लेखिका हे स्वतः सांगत नाही. जे ऐकले ते नेमके उतरवले की असे दुवे वाचकास स्वतःच दिसतात.

कुत्रीच्या कृतज्ञतेचे काय झाले? पहिल्या खर्ड्यात ती वळून पाहते. दुसऱ्यात वळत नाही. प्रत्यक्षात ती वळली नव्हती, हे लेखिकेने मान्य केले. प्राण्यांना भावना नसतात असा याचा अर्थ नव्हे. थाळी सरकल्याचा आवाज, दार वाजताच तीन पायांवर उभे राहणे, हे सारे लेखिकेने टिपले आहे आणि वाचक त्यावरून अनुमान करू शकतो. जे दिसले ते लेखकाने लिहावे. जे हवे होते ते दिसले असे लिहू नये.

६.३.७ माहितीची बाजू

अनुभवलेखनातही तथ्ये अचूक असावी लागतात. विशेषतः वाचकाच्या आरोग्याशी संबंध असलेली. प्रस्तुत लेखातील तथ्ये आपण तपासू.

रेबीज हा विषाणूजन्य रोग आहे आणि माणसात लक्षणे दिसू लागल्यावर तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. म्हणून चावा किंवा ओरखडा होताच जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने सुमारे १५ मिनिटे धुणे आणि विलंब न करता दवाखान्यात जाऊन लस सुरू करणे आवश्यक असते. लस आधी घेतलेल्या व्यक्तीसही चावा झाल्यास पुन्हा डोस घ्यावे लागतात. मामांची कृती लेखिकेने एका वाक्यात नोंदवली आहे. तीच कृती वाचकास मार्गदर्शक ठरू शकते.

कुत्रीला तिच्याच ठिकाणी सोडण्यामागेही नियम आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याखाली २००१ मध्ये कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाचे नियम झाले. २०२३ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे पकडले होते त्याच भागात सोडावे, हे त्यांचे सर्वसाधारण तत्त्व होय. एका हद्दीतील कुत्री हटवली तर ती मोकळी जागा दुसरी कुत्री घेतात, असा त्यामागील विचार आहे. या विषयावर न्यायालयांचे आदेशही होत असतात. तेव्हा लिहिण्यापूर्वी त्या वेळची स्थिती पाहून घ्यावी.

लेखिकेने हे नियम लेखात दिलेले नाहीत. ते दिले असते तर गंगावेशीतील प्रसंग व्याख्यानासारखा झाला असता. तथापि तिला ते ठाऊक होते, म्हणूनच ‘होती तिथे सोडायचे होते’ हे वाक्य ती निःशंकपणे लिहू शकली. लेखकाजवळ कागदावर उतरते त्याहून अधिक माहिती असावी लागते.

६.४ सारांश

अनुभवलेखनात भावनेचे नाव सांगण्यापेक्षा कृती, स्थळ, संवाद आणि तपशील अधिक परिणाम साधतात. विषयाबरोबर आपोआप येणारे शब्द तपासून घ्यावेत, मग ते तिरस्काराचे असोत वा गौरवाचे. मराठीतील लिंगव्यवस्था लेखक व प्राणी यांच्यातील नात्याची नोंद करते. कर्त्यास वाक्यात जागा देणे हा शैलीचा प्रश्न आहे, तसाच सचोटीचाही आहे. आपल्याशी असहमत असणाऱ्याचा आवाज त्याच्या वजनासह लेखात यावा; त्याला दिलेले उत्तर नसेल तर ते बनवू नये.

प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. पहिल्या खर्ड्यातील महत्त्वाची गोष्ट भाषेने झाकली. परंतु भाषेतच ती उघड करण्याचेही साधन होते. खर्डा पुन्हा लिहावयाचा तो यासाठी. कडी दोनदा बघावयाची असते.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : कोणत्या प्रसंगाने, कोणाच्या कृतीने वा बोलण्याने, आणि नेमके काय शिकवले, ही माहिती मिळत नाही. ‘खरा अर्थ’ कोणता, हेही अनुत्तरित राहते.

प्रश्न २ : वर्तमानकाळात क्रियापदाची एकवचनी व अनेकवचनी रूपे (‘भुंकते’, ‘भुंकतात’) वेगळी असतात. त्यामुळे नामरूप सारखे असूनही वचन कळते. भूतकाळात ‘भुंकली’ हे एकच रूप दोन्हीकडे येते.

प्रश्न ३ : उदाहरणार्थ, ‘मी फाईल टेबलावरच ठेवून गेलो’ किंवा ‘मी फाईल कपाटात ठेवली नाही’. यांसारखे कोणतेही रूप चालेल. मात्र कृती नेमकी असावी.

६.६ स्वाध्याय व उपक्रम

(अ) पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी १५० ते २०० शब्दांत लिहा.

१. दोन्ही खर्ड्यांतील शेवटच्या वाक्यांची तुलना करा.
२. ‘भटके’, ‘मोकाट’, ‘बेवारस’ आणि ‘गल्लीतले’ या शब्दांतील अर्थछटा सोदाहरण स्पष्ट करा.
३. गंगावेशीतील बाईंचे बोलणे प्रमाण मराठीत लिहून पाहा. काय कमी झाले ते सांगा.

(आ) उपक्रम

आपण अलीकडे केलेल्या एखाद्या कामाविषयी एक पान लिहा. ते आठ दिवस बाजूला ठेवा. नंतर ‘झाले’, ‘राहिले’, ‘गेले’ या क्रियापदांखाली रेघ ओढा आणि त्यांपैकी जेथे कृती आपली होती तेथे वाक्य बदलून लिहा. दोन्ही पाने संपर्कसत्रास येताना बरोबर आणावीत.